वाचकांचे प्रश्न : ठशाचे अक्षर आणि त्याचा खरखरीतपणा

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आम्ही एक जाड, खरखरीत, हाताने ठसा मारून छापल्यासारखे दिसणारे अक्षर वापरले होते. ते अक्षर लिनो नावाच्या मऊ तक्त्यावर कोरून, कागदावर उमटवून, मग संगणकावर घेतले आहे, एवढीच ओळ आतल्या पानावर दिली होती. त्या एका ओळीवर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

आमच्या आजोबांचा वाईत छापखाना होता. माळ्यावर लाकडी अक्षरांचे दोन खोके सापडले आहेत. अक्षरे उलटी कोरलेली असून बोटभरापासून वीतभर उंचीची आहेत आणि त्यांच्यावर शाई वाळून घट्ट बसली आहे. सँडपेपरने घासून ती स्वच्छ करावीत, असे घरात चालले आहे. यांतून संगणकासाठी फाँट करता येईल का? (सातारा)

सँडपेपर कृपा करून लावू नका. छापखान्यातील लाकडी अक्षराचे सारे मोल त्याच्या जाडीत असते. पाठीपासून तोंडापर्यंत ते सुमारे २३.३ मिलिमीटर भरते. शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे ओतीव अक्षरांची, उंचीही तेवढीच असल्यामुळे लाकडी अक्षरे आणि खिळे एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळता येत असत. घासून अर्धा मिलिमीटर जरी कमी झाला, तरी रुळाची शाई त्या अक्षराला पुरती लागत नाही, दाब शेजारची अक्षरे घेतात आणि हे अक्षर अर्धवट उमटते. शिवाय तोंडावरचे चरे, कडेचा उडालेला टवका, अनेक वर्षांच्या दाबाने बोथट झालेला कोपरा हे सारे आपल्या फाँटचे भांडवल आहे, आणि सँडपेपर नेमके तेच खाऊन टाकील.

पाणीही लावू नका, कारण लाकूड पाणी पिऊन फुगते आणि वाळताना वाकते. छापखान्यातले कामगार यासाठी घासलेट वापरत आणि आपणही तेच वापरावे. जुन्या सुती कापडाचा बोळा घासलेटात बुडवून घट्ट पिळावा, अक्षराच्या तोंडावरून हलक्या हाताने फिरवावा, शाई मऊ पडेपर्यंत पाचदहा मिनिटे थांबावे आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. कोपऱ्यात अडकलेल्या शाईसाठी बांबूची काडी टोकदार करून घ्यावी, कारण लोखंडी सुई लाकडाला जखम करते. काम खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून दूर करावे. एखाद्या अक्षरावर बारीक भोके दिसली आणि ठोकल्यावर भुसा पडला, तर ते कीड लागलेले अक्षर त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाकावे. अक्षरे उन्हात वाळत घातली तर तडे जातात.

एवढ्या मोठ्या आकारासाठी लाकूड का निवडले गेले, हे कळले म्हणजे हा ठेवा हाताळताना मन आपोआप जपून वागते. शिशाचे मोठे अक्षर ओतले की थंड होताना त्याचे तोंड सपाट राहत नसे, आणि वजन तर इतके होई की भित्तीपत्रकाचा एक फर्मा दोघांना उचलवत नसे. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स यांनी १८२७ साली फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी अक्षरे कापण्याची रीत काढली. १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या यंत्राला नमुन्यावरून लहानमोठी प्रत कापणारा पँटोग्राफ जोडला. त्यामुळे एका नमुन्यावरून हव्या त्या मापाची अक्षरे निघू लागली, आणि सर्कस, नाटके, लिलाव, निवडणुका यांची भित्तीपत्रके त्या अक्षरांनी भरून गेली. आपल्याकडे जत्रा, कुस्त्यांची मैदाने, तमाशाचे फड आणि बैलगाडा शर्यती यांच्या पत्रकांनी तेच काम केले. 'जंगी मैदान' हे दोन शब्द पिंपळाच्या पारावरून वाचता यावेत, एवढीच त्या अक्षराकडून अपेक्षा होती आणि तिच्यासाठीच ते इतके जाड झाले.

फाँट अवश्य करता येईल. त्यासाठी छपाईचे यंत्र लागत नाही. काचेवर शाईचा पातळ थर रबरी रुळाने पसरवावा, तोच रूळ अक्षरावरून फिरवावा, वर मऊ कागद ठेवावा आणि स्टीलच्या वाटीच्या तळाने कागदाच्या पाठीवर गोल गोल घासावे. प्रत्येक अक्षराचे तीन ठसे काढावेत : एक भरपूर शाईचा, एक बेताचा आणि एक शाई जवळजवळ संपल्यावरचा. हे तीन ठसे पुढे फार उपयोगी पडतात आणि त्याविषयी खाली विट्याच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. एखादे अक्षर मध्यभागी फिके उमटत असेल, तर त्याच्या पाठीला कागदाचे कपटे लावून ते वर उचलावे. छापखान्यात हेच करीत असत.

खोक्यात पूर्ण वर्णमाला असेल, अशी आशा मात्र ठेवू नये. भित्तीपत्रकांना लागणारी अक्षरेच छापखाने विकत घेत, त्यामुळे क, म, र, स यांचे चारपाच नग आणि ढ, झ, ऋ यांचा पत्ताच नाही, असे बहुधा आढळते. जी अक्षरे नाहीत ती असलेल्यांवरून घडवावीत : व ला आडवी तिरकी रेघ दिली की ब होतो, प ला दिली की ष होतो. ही जोडलेली रेघ त्याच खोक्यातील दुसऱ्या अक्षराच्या ठशातून उचलावी, म्हणजे तिचा पोत परका वाटत नाही.

संगणकावर कोणत्याही जाड अक्षरावर खरखरीत पोत चढवता येतो. मग ठशातून काढलेले अक्षर वेगळे कशाने ठरते? आमचे शिक्षक म्हणतात, फरक दिसतो. मला तो अजून दिसलेला नाही. (मिरज, कलाशाखेची विद्यार्थिनी)

फरक दिसतो, आणि कुठे पाहायचे हे कळले की तुम्हालाही दिसेल. एक जुने हँडबिल आणि एक भिंग घ्या. उठावाच्या छपाईत, म्हणजे उंच भागाला शाई लावून केलेल्या छपाईत, अक्षर कागदावर दाबले जाते तेव्हा शाई मधून कडांकडे ढकलली जाते. म्हणून अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते आणि रुंद दंडाच्या मध्यावर शाई विरळ राहते. पांढरे ठिपके आणि ओरखडे मुख्यतः त्या मध्यभागी असतात, कड मात्र बरीचशी शाबूत राहते. संगणकाचा तयार पोत असे काही जाणत नाही. तो कड आणि मध्य दोन्ही सारखेच कुरतडतो, आणि अक्षर छापल्यासारखे न दिसता वाळवी लागल्यासारखे दिसते.

लिनोचा खरखरीतपणा निराळ्या कारणाने येतो. तेथे पाते सरळ चालते, त्यामुळे वळण लहान लहान सरळ तुकड्यांनी झालेले असते, कोपऱ्यात पाते थोडे पुढे गेल्याची खूण राहते, आणि अक्षराभोवती काढून टाकलेल्या भागात उरलेल्या बारीक कडा शाई पकडून इकडेतिकडे रेघा उमटवतात. पत्र्याच्या छापातून कुंचल्याने मारलेल्या अक्षराची कड एका बाजूला मऊ असते, कारण शाई पत्र्याखाली शिरते. म्हणजे प्रत्येक साधनाची स्वतःची चूक असते, आणि डोळा नकळत त्या चुकीवरून साधन ओळखतो. शिळाप्रेसवरील (दगडावरून घेतलेला) छापा, पाटावर कोरलेले अक्षर आणि रबरी शिक्का या तिघांच्या खुणा एकाच अक्षरावर चढवल्या की पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. 'लाकडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फाँटमध्ये अक्षरावर लाकडाच्या लांब शिरा दाखवलेल्या असतात. वेल्स यांच्या पद्धतीची अक्षरे लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे ओंडका कापल्यावर जी गोल तोंडे दिसतात त्यांच्यावर, कापलेली असत. अमेरिकेत त्यासाठी कठीण मेपल वापरीत. त्या तोंडावर लांब शिरा नसतातच. शिरा दिसतात त्या फळीच्या उभ्या अंगावर कोरलेल्या ठशात. शिरा वापरायला हरकत नाही, पण त्या छापखान्यातल्या लाकडी टाइपाच्या खुणा आहेत, असे मानू नये.

सर्वांत पक्की कसोटी पुनरावृत्तीची आहे. 'मामा', 'काका', 'ममता' असे शब्द लिहून पाहा. मी पहिल्यांदा असा फाँट केला तेव्हा 'मामा' या शब्दातील दोन्ही म च्या पोटात, अगदी त्याच जागी, कोयरीच्या आकाराचा तोच पांढरा डाग आला, आणि पत्रक छापून भिंतीवर लागल्यावरच तो माझ्या लक्षात आला. हाताच्या छपाईत दोन ठसे कधी एकसारखे नसतात. नेदरलँड्समधील एरिक फान ब्लॉकलँड आणि युस्ट फान रोसम यांनी १९९० च्या सुमारास 'बेओवोल्फ' नावाचे अक्षरवळण केले, त्यात नेमका याच प्रश्नाला हात घातला होता : छापताना प्रिंटर प्रत्येक अक्षराच्या कडेचे बिंदू थोडे थोडे हलवत असे, त्यामुळे एकच अक्षर दर वेळी निराळे उमटे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ साली आपल्या संग्रहात घेतलेल्या तेवीस अक्षरवळणांत त्याचा समावेश आहे. तुमच्या शिक्षकांना जो फरक दिसतो तो बहुतेक हाच असावा.

रोमन लिपीसाठी असे ठशाच्या वळणाचे फाँट पुष्कळ आहेत, देवनागरीत मात्र फार थोडे दिसतात. असे का? आमच्या शाळेतील मुलांनी लिनोवर कोरलेल्या अक्षरांतून मराठी फाँट करायचा असेल, तर कसे करावे? (विटा, कलाशिक्षक)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

रोमन अक्षर एकटे उभे असते, म्हणून त्याची कड कितीही फाटकी असली तरी शेजाऱ्याला त्याचे देणेघेणे नसते. देवनागरी अक्षर शिरोरेषेने शेजाऱ्याचा हात धरते. कडा खरखरीत असल्या की तो सांधा उघडा पडतो : कुठे पांढरी फट राहते, कुठे दोन टोके एकमेकांवर चढून गाठ दिसते. त्याखेरीज जोडाक्षरे, वेलांट्या, उकार आणि रफार यांच्यामुळे कामाचा पसारा कितीतरी पटींनी वाढतो. देवनागरीत हे काम कमी झाले, त्याचे हेच कारण मला दिसते. मेहनतीला भिऊन सोडून देण्यासारखे ते नाही.

सांध्याचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा, आणि तो दोन तऱ्हांनी घेता येतो. जत्रेची जुनी हँडबिले पाहिलीत तर शिरोरेषेत अक्षरागणिक केसाएवढी फट आढळेल, कारण प्रत्येक अक्षर स्वतंत्र तुकड्यावर होते आणि तुकडे कितीही आवळले तरी कडा थोड्या झिजलेल्याच असत. ही फट तशीच ठेवली, तर अक्षर ठशाचे आहे हे क्षणात कळते. मला स्वतःला हीच तऱ्हा अधिक आवडते आणि मोठ्या शीर्षकासाठी मी ती निःसंकोचपणे सुचवीन. दुसरी तऱ्हा अखंड शिरोरेषेची. त्यासाठी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा डाव्या-उजव्या बाजूला किंचित बाहेर काढून शेजारच्या अक्षरात शिरू द्यावी आणि त्या टोकांवर पोत अजिबात ठेवू नये. पोत शिरोरेषेच्या वरच्या कडेला आणि अक्षराच्या पोटात असावा. मात्र अशा शब्दाला कोणी बाह्यरेषा दिली की आतले सांधे उघडे दिसतात, हे वापरणाऱ्याला सांगून ठेवावे.

आता मुलांच्या कामाविषयी. अनेक हात एका फाँटवर काम करणार असतील तर तीन मापे आधी ठरवून सर्वांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून द्याव्यात : अक्षराची उंची सहा सेंटिमीटर, उभा दंड दीड सेंटिमीटर, शिरोरेषा सव्वा सेंटिमीटर. एवढे सारखे राहिले की बाकीचे वळण मुलांच्या हातावर सोडावे, कारण हाताहाताचा फरकच या अक्षरात गोडी आणतो. अक्षर बटर पेपरवर काढून कागद उलटा करून लिनोवर गिरवावे, म्हणजे ठसा सुलटा येईल. लिनो म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाची भुकटी तागाच्या कापडावर बसवलेला तक्ता असतो. थंडीत तो कडक होतो, तेव्हा थोडा वेळ उन्हात ठेवला की पाते लोण्यासारखे चालते. पाते नेहमी धरणाऱ्या हातापासून दूर चालवावे, ही शिस्त पहिल्या दिवशीच घालून द्यावी. जाड अक्षरात आतल्या पोकळ्या फार लहान होतात. ध, भ, ण, क्ष यांच्या पोकळ्या शाईने बुजतात, म्हणून त्या मनाला पटतात त्याहून मोठ्या कोराव्यात.

सगळी बाराखडी कोरण्याची गरज नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि रफार वेगळे कोरावेत. ज्या अक्षरांना शेवटी उभा दंड आहे, त्यांची अर्धी रूपे संगणकावर दंड कापून मिळतात : त, म, स, न, व. क आणि फ यांची अर्धी रूपे स्वतंत्र कोरावीत. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना दंड नाही, त्यामुळे ट्ट, ट्ठ, ड्ड, द्ध, द्य, द्व, ह्य, ह्म ही जोडाक्षरे मुद्दाम घडवावी लागतात. क्ष, ज्ञ, त्र, श्र तर हवीतच. मराठीसाठी आणखी दोन गोष्टींवर मी हट्ट धरीन. पहिली म्हणजे ल आणि श यांची मराठी वळणे, जी हिंदीच्या वळणांहून वेगळी आहेत. पुष्कळ फाँटमध्ये ती असतात, पण मराठी भाषा निवडल्याखेरीज पुढे येत नाहीत. आपल्या फाँटमध्ये ती मूळ जागीच ठेवावीत. दुसरी म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र. 'कऱ्हाड' आणि 'साताऱ्याला' हे शब्द ज्या फाँटमध्ये नीट उमटत नाहीत, त्या फाँटला आपल्या जिल्ह्यांत मराठी म्हणता येणार नाही.

ठसे वाळल्यावर ते १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके), करड्या छटांमध्ये स्कॅन करावेत, मग काळ्यापांढऱ्यात उतरवून त्यांच्या कडा रेषांत बदलाव्यात. इंकस्केप आणि फाँटफोर्ज ही दोन्ही मोफत साधने या कामाला पुरतात. येथे एक संयम पाळावा लागतो. यंत्राला मोकळीक दिली तर एका अक्षराच्या कडेवर हजारोंनी बिंदू पडतात, फाईल फुगते आणि साध्या संगणकावर एक ओळ लिहितानाही अडखळायला होते. प्रत्यक्ष छपाईत जे दिसणारच नाहीत असे कणाएवढे ठिपके निर्दयपणे पुसून टाकावेत आणि मोठे, ठळक, अर्थपूर्ण ओरखडे तेवढे ठेवावेत.

शेवटी ते तीन ठसे. प्रत्येक अक्षराचे तिन्ही ठसे फाँटमध्ये ठेवून, तेच अक्षर जवळपास पुन्हा आले की दुसरे रूप घ्यावे, असा नियम ओपनटाइप या फाँटच्या प्रकारात लिहिता येतो. रोमनमध्ये शेजारचे अक्षर पाहिले की भागते. मराठीत 'मामा' लिहिताना दोन म च्या मध्ये काना उभा असतो, म्हणून नियमाला कान्यापलीकडे पाहायला शिकवावे लागते. कान्याचीही तीन रूपे करायला विसरू नये. एका शब्दात तीन कान्यांवर एकच ओरखडा आला तर सगळी मेहनत वाया जाते.

देवनागरीच्या बाबतीत असा उद्योग आपल्याकडे पूर्वीपासून झाला आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा छपाईची साधने त्यांनी स्वतःच खटपट करून जमवली होती. पुढे निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी आणि त्यांच्यासाठी अक्षरांचे पंच (खिळे ओतण्याच्या साच्यांचे मूळ ठसे) कोरणाऱ्या राणूजी आरूंनी देवनागरी खिळ्यांना जी सुबकता दिली, तिच्यावर आपल्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीसारख्या माळरानावरच्या वसाहतीतून १९२० साली मासिक निघू शकले, हेही आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. विट्यातील एका वर्गातून फाँट निघाला, तर मला त्याचे नवल वाटणार नाही.

आमचा हळदीचा व्यापार आहे. बारदानावर पूर्वी पत्र्याच्या छापाने नाव मारत, तसेच अक्षर आम्हाला कापडी पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर हवे आहे. पाटी करणाऱ्याने तयार खरखरीत फाँट घेऊन विनाइल कापायला लावले, पण यंत्र अडकते आणि अक्षर सोलून येते. (सांगली, मार्केट यार्ड)

यंत्राचा दोष नाही. विनाइल कापणारे पाते अक्षराच्या प्रत्येक कडेवरून फिरते, आणि खरखरीत अक्षरात प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र कड असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडे चिकटून राहत नाहीत, ते सोलताना निघून येतात. पाटीसाठी अक्षर भरीव, स्वच्छ कडांचे कापावे, किंवा विनाइलवर पोतासह छापून घ्यावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पत्र्यातच छाप कापून रंगाऱ्याकडून कुंचल्याने मारून घेणे, कारण आपल्याला हवा असलेला खरखरीतपणा तेथे आपोआप येतो.

पत्र्याचा छाप कापताना अक्षरांच्या डोळ्यांकडे लक्ष द्यावे. 'हळद' या शब्दातील ळ ला दोन बंद डोळे आहेत. ते कापले की आतले तुकडे गळून पडतात आणि ळ च्या जागी दोन काळे गोळे उमटतात. म्हणून प्रत्येक डोळा बाहेरच्या पत्र्याला जोडणारा एक अरुंद दुवा ठेवावा लागतो, आणि तो अक्षरात पांढऱ्या चिरेसारखा दिसतो. जुन्या बारदानावरच्या अक्षरांची ओळख या चिरांनीच होते. आपण निवडाल त्या फाँटमध्ये त्या नसतील, तर अक्षर कितीही खरखरीत असले तरी बारदानाची आठवण येणार नाही.

कापडी पिशवीवर स्क्रीनने छापताना अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठिपके कापडाच्या विणीत बुजतात, तेव्हा पोत मोठा ठेवावा. वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता यांसारखा मजकूर आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे सुवाच्य असला पाहिजे, म्हणून तो साध्या अक्षरात घ्यावा. खरखरीत अक्षर नावापुरते.

मोफत मिळणारे मराठी फाँट दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर वापरले तर चालतात का? (कऱ्हाड)

बालू, मुक्ता, मोदक, यात्रा वन हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. विक्रीच्या अंकावर ते वापरायला कोणतीही फी नाही. फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यात बदल करून तो पुन्हा वाटलात, तर तोच परवाना ठेवावा लागतो, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर आपल्या प्रतीला दुसरे नाव द्यावे लागते. हे चारही फाँट स्वच्छ कडांचे आहेत. यांतील यात्रा वन मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडलेला असल्यामुळे त्यात हाताचा बाज आहे, आणि ठशाचे काम करायला तो चांगला पाया ठरतो.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, प्रयोग आहे. भित्तीपत्रकावर नाटकाचे नाव अशा अक्षरात हवे आहे. पैसे फारसे नाहीत आणि फाँट करण्याइतका वेळही नाही. (सांगली)

एका नाटकाच्या नावासाठी फाँट करायची गरजच नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे वर्षानुवर्षे प्रत्येक नाटकासाठी नव्याने रेखाटली, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसत्या अक्षरांवरून प्रेक्षक नाटकाचा स्वभाव ओळखू लागले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या गावात पहिला प्रयोग केला, त्या गावच्या संस्थेने आपल्या नाटकाचे नाव स्वतःच्या हाताने कोरावे, असे मला मनापासून वाटते.

वेळ अगदीच कमी असेल तर असे करा. नाव जाड, साध्या अक्षरात मोठे छापून घ्या, आणि लेझर प्रिंटची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असे पाचसहा वेळा काढा, प्रत्येक वेळी थोडे मोठे करत. कडा आपोआप भरडल्या जातात आणि त्या भरडण्याला खरे कारण असते, म्हणून ते अक्षर नकली वाटत नाही. दोन दिवस मिळत असतील तर तीच झेरॉक्स उलटी करून लिनोवर उतरवा आणि कोरा. चारपाच अक्षरांचे नाव एका संध्याकाळी कोरून होते. वाटीने घासून आठदहा ठसे काढा आणि सगळे भिंतीवर लावून दहा पावले मागे जाऊन पाहा. ज्यात नाव पहिल्या नजरेत वाचता येते आणि शिरोरेषा कुठेही तुटून दुसरे अक्षर झाल्याचा भास होत नाही, तो ठसा निवडा. बहुतेक वेळा तो तिसरा किंवा चौथा निघतो, कारण पहिल्या दोन ठशांत लिनो शाई पीत असतो.

प्रयोगाची तारीख, वेळ, नाट्यगृहाचे नाव आणि तिकिटाचा दर साध्या, बारीक अक्षरात, नावापासून पुरेशी जागा सोडून घ्या. शाई एकच वापरा, काळी किंवा गडद तांबडी, आणि कागद खाकी घेतलात तर ठशातले पांढरे डाग पिवळसर होऊन अक्षराला ऊब येते. कोरलेला लिनो पुसून, सपाट ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, कारण दुसरा प्रयोग ठरला की तोच पुन्हा कामी येईल.